खात्रीसाहेब गप्प बसले त्याची गोष्ट

माझे भावोजी लिफ्ट तपासतात. म्हणजे नोकरीच ती. इमारतीत जायचं, लिफ्टचे दोर, दारं, ब्रेक बघायचे आणि कागदावर 'योग्य' किंवा 'अयोग्य' असं लिहून सही ठोकायची. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माणसाला जगात दोनच शब्द उरतात. भावोजींना तेवढेच उरले आहेत. दुकानात गादी घ्यायला गेले तर बूट काढून तिच्यावर आडवे होतात आणि दुकानदाराला म्हणतात, "जरा पंधरा मिनिटं बोलू नका." कलिंगड वाजवून बघणारे पुष्कळ असतात, भावोजी वांगीसुद्धा वाजवतात. घरी आलेला प्लंबर काम संपवून निघाला की हे नळासमोर स्टूल टाकून बसतात, थेंब पडतो का ते बघत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी कशानेही पोळलेलं नाही, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पितात. शेजारीपाजारी सगळे त्यांना खात्रीसाहेब म्हणतात, आणि हे त्याला मान समजतात.

दुसरा गुण म्हणजे बोलणं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तोंडात यंत्र असतानाही बोलणारा पेशंट मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. डॉक्टर म्हणाले, "आ करा," तर यांनी आ केलाच, पण त्या आ-मधूनच खुर्चीच्या हायड्रॉलिकबद्दल दोन सूचना केल्या.

तर अशा माणसाच्या पोटी टिकली जन्माला आली. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिकली. आता बापाच्या वर चार बोटं गेली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ताई-भावोजींना ती एकुलती एक. तिला काय करावंसं वाटावं? फिल्म आणि फोटोग्राफीची पदवी. तीही गावात नाही, तर चांगल्या सहा तासांच्या प्रवासावरच्या कॉलेजात, हॉस्टेलवर राहून. प्रवेश परीक्षा ती गुपचूप देऊन आली, पास झाली, आणि मग घरात सांगितलं. भावोजींनी आधीच तिच्यासाठी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या कॉलेजात अकाउंट्सची जागा धरून ठेवली होती. फोटोग्राफीची जागा पक्की करायची मुदत शनिवारपर्यंत होती. वडिलांची सही लागणार होती. नाही झाली, तर अकाउंट्स.

महिनाभर घरात धुसफूस चालली होती. फीचा प्रश्न नव्हता, ती ताईने कधीच बाजूला काढून ठेवली होती. भावोजींचं म्हणणं एकच, "मी नाही कुठे म्हणतोय? मी म्हणतोय, तपासल्याशिवाय सही करणार नाही. उद्या त्या कोर्सचा दोर तुटला तर?"

"बाबा, कोर्सला दोर नसतो," टिकली म्हणाली.

"मग तर जास्तच धोका."

शेवटी त्यांनी रजा टाकली आणि प्रत्यक्ष जाऊन तो कोर्स तपासायचं ठरवलं. टिकलीने यायचं नाही, कारण तपासणीच्या वेळी मालकाची माणसं आजूबाजूला नकोत. ताईला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "मी गेले तर वाटेतच काडीमोड होईल. तू जा बाई, तुला पेशंट सांभाळायची सवय आहे." म्हणून बुधवारी सकाळी मी आणि खात्रीसाहेब गाडीत बसलो. यांच्या हातात टॉर्च, टेप आणि टाचणी लावलेले प्रश्नांचे कागद. वाटेत मी एक झोप काढली, जागी झाले तेव्हा हे शेजारच्या प्रवाशाला स्वयंचलित दारांबद्दल सांगत होते. तो बिचारा मूग गिळून ऐकत होता.

कॉलेजची इमारत जुनी पण ठीकठाक होती. चौथ्या मजल्यावर विभाग. विभागप्रमुख बाई पन्नाशीच्या, आखूड कापलेले केस, गळ्यात दोरीला लावलेलं भिंग. टेबलावर एवढा पसारा की चहाचा कप ठेवायला त्यांना एक लेन्स उचलून खुर्चीवर ठेवावी लागली, आणि मग खुर्चीवर बसायला ती पुन्हा उचलावी लागली. भावोजींच्या कपाळावर तिथेच पहिली आठी पडली.

"इथून बाहेर पडलेली मुलं काय करतात?" यांनी सुरुवात केली.

"काही फोटो काढतात," बाई म्हणाल्या. "लग्नांचे, वर्तमानपत्रांचे, जाहिरातींचे. काही संकलन करतात. एक जण दवाखान्यात शस्त्रक्रियांचं चित्रण करतो. एकाची बेकरी आहे."

"बेकरी?"

"छान चालते. पाव उत्तम असतो."

भावोजींनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग पहिल्या वर्षी काय शिकवता, कॅमेरे किती, शिक्षक टिकतात का, आग लागली तर मुलं कुठल्या जिन्याने उतरतात, असं सगळं झालं. बाईंनी काही लपवलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं, अंधाऱ्या खोलीत रसायनांत हात घालून फोटो धुण्यापासून आवाज पकडण्यापर्यंत. मग दुसऱ्या वर्षी फिल्म की फोटो ते ठरवायचं. कॅमेरे कमी आहेत, पाळीने मिळतात, पाळीवरून भांडणं होतात. आवाज शिकवणारे सर मध्येच सोडून गेले, नवे अजून सापडले नाहीत. माझ्या दवाखान्यात एखादी आई 'दुखेल का' विचारते, तेव्हा आम्ही 'अजिबात नाही' म्हणतो. या बाई म्हणाल्या असत्या, 'दुखेल.' मला तर त्या आवडल्या.

भावोजींना आवडल्या की नाही कळेना. ते म्हणाले, "हे झालं तोंडी. आम्ही लिफ्ट बघतो तेव्हा नुसतं विचारत नाही. वजन टाकून चालवून बघतो."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तुम्हीच वजन व्हा ना."

झालं होतं असं की पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक स्वाध्याय चालू होता. ओळखपाळख नसलेल्या एका माणसाला बोलवायचं. दिवसभर तो कॉलेजात बसणार, प्रत्येक विद्यार्थ्याने पाळीने त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि त्याचा एकच फोटो काढायचा. एकच, दुसरा नाही. त्यासाठी ठरलेले निवृत्त पोस्टमन गुडघा धरल्यामुळे ऐन वेळी येऊ शकत नव्हते. भावोजी उद्या बसले, तर त्यांना एकेका मुलाची तपासणीच करता येईल, असं बाईंनी सुचवलं. बाई हुशार. खात्रीसाहेब लगेच हो म्हणाले, आणि पठ्ठ्याने सकाळी लॉजवर दाढी दोनदा केली.

गुरुवारचा तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. मुलं एकेक करून येत होती, "काका, इकडे या," "काका, तिकडे बघा," आणि काका प्रत्येकाची उलटतपासणी घेत होते. घरून परवानगी कशी मिळाली? पुढे काय करणार? हे खरंच येतं का तुला? एका मुलाने केसांचा अंबाडा बांधला होता. त्याला विचारलं, "यंत्रात अडकला तर?" तो म्हणाला, "काका, कॅमेऱ्यात केस अडकत नाहीत." एकाने यांना आरशासमोर उभं केलं, एकीने जिन्यात. एक मुलगी लेन्सचं झाकण न काढताच दहा मिनिटं फोकस करत होती. झाकण भावोजींनीच काढून दिलं आणि तिच्या नावापुढे काहीतरी टिपलं.

मग अंबाडेवाल्याने घोटाळा केला. त्याला वाटलं, लिफ्टवाल्या काकांचा फोटो लिफ्टमध्येच हवा. नेलं त्याने यांना कॉलेजच्या लिफ्टमध्ये. आता मांजराला दुधापाशी नेल्यावर काय होणार? भावोजींनी दारातली फट बघितली, टेप काढली, मोजली, आणि ओरडतच खाली जाऊन पहारेकऱ्याला लिफ्ट बंद करायला लावली. फट फार नव्हती. त्यांच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी 'पुढच्या महिन्यात बघा' म्हणून सोडून दिलं असतं. पण हे म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत नाही." परिणाम असा की त्या दिवसापासून सगळ्या विभागाने दिवे, कॅमेऱ्यांची तिकाटणी आणि पेट्या घेऊन चार मजले चढायला सुरुवात केली. बाई स्वतः दोन्ही खांद्यांवर पिशव्या लटकावून धापा टाकत वर आल्या आणि यांना म्हणाल्या, "आभारी आहे हं." चढून चढून यांचाही जीव अर्धा झाला, पण बोलणार कुणाला?

शेवटच्या पाळीला एक चष्मेवाली मुलगी होती. तिने यांना कुठे नेलं नाही, काही करायला सांगितलं नाही. व्हरांड्यात खिडकीखालच्या लांब बाकावर आम्ही दमून बसलो होतो, तीही येऊन जमिनीवर मांडी घालून बसली. भावोजींनी नेहमीचे प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "तुमच्या मुलीबद्दल सांगा ना." यांनी सांगायला सुरुवात केली. टिकलीचं लहानपण माझं पाठ आहे, म्हणून मी चहा आणायला उठले. परत आले तर चष्मेवाली कॅमेरा पिशवीत ठेवत होती. फोटो काढून झाला होता.

शुक्रवारी सकाळी फोटोंवर चर्चा. त्या तासाला मुलं गप्पतास म्हणतात, आणि त्याचा नियम असा: फोटो भिंतीवर लावायचे, खाली नाव नाही. बाकी सगळ्यांनी वाटेल ते बोलायचं. ज्याने फोटो काढला तो बोलणार नाही, आणि ज्याचा फोटो आहे तोही बोलणार नाही. फोटोला जे सांगायचं ते फोटो सांगेल. सगळ्यांचं बोलून संपलं की शेवटी फोटोतल्या माणसाची पाळी. "बहुतेक वेळा तो माणूस येत नाही," बाई म्हणाल्या. "आला तर त्यालाही हाच नियम. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" भावोजी म्हणाले. मी खिडकीकडे बघितलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

भिंतभर भावोजी. जिन्यातले, आरशातले, लिफ्टच्या दारात टेप घेऊन ओरडणारे. मुलं भिंतीसमोर गोळा झाली आणि यांच्या नाकासमोर यांच्याबद्दल बोलू लागली, जणू हे तिथे नाहीतच.

"उजेड फार कडक पडलाय कपाळावर."

"या माणसाला फोटो काढून घेणं आवडत नाही."

"आवडतं की! बघ ना, पोट आत घेतलंय."

भावोजींनी तोंड उघडलं. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. भावोजींनी तोंड मिटलं. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

"हा माणूस घरच्यांना छळत असणार," एकीने निष्कर्ष काढला. "पण प्रेमाने." मी मान डोलावली. खोटं का बोला!

असं करत करत सगळे शेवटच्या फोटोपाशी आले. चष्मेवालीचा फोटो. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. खिडकी, लांब बाक, त्याच्या एका टोकाला भावोजी. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, व्हरांड्याच्या टोकाकडे बघत होते. शेजारी बाक रिकामा, आणि त्या रिकाम्या जागेवर यांनी हाताचा पंजा पालथा ठेवला होता.

"जागा धरून ठेवलीय," कुणीतरी म्हणालं.

"कुणासाठी?"

"बायकोसाठी. आत गेली असेल तोंड धुवायला." सगळे हसले.

"नाही रे. तसं असतं तर चेहरा असा नसता."

खरं काय ते मला ठाऊक होतं. ती जागा माझी होती. मी चहाला गेले तेव्हा मुलांची गर्दी होती, कुणी बसू नये म्हणून यांनी हात ठेवला होता. एवढंच. मला बोलायला बंदी नव्हती, मी सांगू शकले असते. पण तेवढ्यात झाकणवाली मुलगी पुढे आली, जिने झाकण न काढता फोकस केला होता ती. एकटक फोटोकडे बघत म्हणाली, "माझे बाबा मला हॉस्टेलवर सोडायला आले होते ना, तेव्हा असेच बसले होते. बाहेरच्या बाकावर. मी म्हटलं, बाबा, झालं आता सगळं, तुम्ही निघा. हो हो म्हणाले आणि बसून राहिले. हात असाच ठेवला होता. मला वाटलं, मी परत येऊन बसेन म्हणून ठेवलाय."

कुणी हसलं नाही. अंबाडेवाला जमिनीकडे बघत होता. दारात उभी असलेली आणखी एक मुलगी नाक ओढत बाहेर गेली. भिंतीवरच्या त्या रिकाम्या बाकाकडे मी पुन्हा पाहिलं, आणि देवाशपथ सांगते, माझीच जागा मला माझी वाटेना. हा माणूस महिनाभर दोर, ब्रेक, कोर्स, शिक्षक, बेकरी असं सगळं बोलत होता. एकदाही म्हणाला नव्हता की पोरगी गेली तर मी घरात काय करू. मला इतकी वर्षं वाटायचं, याच्या पोटात जे आहे ते सगळं याच्या तोंडातून बाहेर पडतं. 

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "आता तुमची पाळी."

मी मनातल्या मनात म्हटलं, आता सुटणार गाडी. पोटाचा खुलासा होईल, फटीचा होईल, आणि चहाचाही होईल. भावोजी उभे राहिले. फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे."

आणि बसले.  थोड्या वेळाने यांनी झाकणवालीला एवढंच विचारलं, "मग तुझे बाबा गेले का ठरलेल्या गाडीने?"

"नाही. ती चुकली. पुढच्या गाडीने गेले."

"आता?"

"आता रोज फोन करतात. जेवलीस का, एवढंच विचारतात. मी हो म्हटलं की ठेवतात."

भावोजींनी मान हलवली, जशी काही एका जाणकार माणसाने दुसऱ्याचं काम बघून हलवावी.

परतीच्या प्रवासात सहा तासांत यांनी एका माणसाला काही सांगितलं नाही. शेजारचा स्वतःहून बोलायला आला, तरी नाही. मला भीती वाटायला लागली. अर्धी वाट झाल्यावर मीच म्हटलं, "भावोजी, ती बाकावरची जागा माझी होती हो."

"माहीत आहे गं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताईने दार उघडलं. टिकली मागे उभी होती, केस नीट बांधून, एखाद्या मुलाखतीला उभी असल्यासारखी. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. भावोजी बूट काढायला बसले. नेहमी आधी डावा काढतात की उजवा, कुणाला ठाऊक, पण त्या दिवशी लेस सुटता सुटेना.

टिकलीला धीर धरवला नाही. पण ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुला पटलं नसेल तर राहू दे. मी विचार केलाय. अकाउंट्सही काही वाईट नाही. मी इथेच राहते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. महिनाभर हा माणूस ज्यासाठी आकाशपाताळ एक करत होता, ते पोरीने आपणहून त्याच्या ओंजळीत आणून टाकलं होतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सकाळी दोघं जेवायला बसली असती, संध्याकाळी तीच दार उघडायला आली असती, आणि कुणी यांना दोष दिला नसता.

"नाही," भावोजी म्हणाले. "तू जा."

"म्हणजे कोर्स चांगला आहे?"

"कॅमेरे कमी आहेत. आवाजाचे सर नाहीत. तिथून निघून पुढे तुझं चांगलं होईल की नाही, ते मला काही सांगता येत नाही." ते एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे उठून उभे राहिले. "तरी तू जा. सही आत्ता करतो, नाहीतर उद्या मला पुन्हा काहीतरी सुचेल."

आणि केली सही, दाराशीच, चपलांच्या कपाटावर प्रवेशाचा कागद ठेवून, न वाचता. या माणसाने विजेचं बिलसुद्धा कधी न वाचता भरलेलं नाही. टिकलीने तो कागद हातात घेतला. या सहीसाठी ती महिनाभर भांडली होती, जेवणाच्या ताटावरून उठून गेली होती, दारं आपटली होती. आता मिळाली, तर तिने कागद तसाच चुरगाळत बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके द्यायला लागली. "तुझं कसं होणार रे बाबा," एवढंच काहीतरी ऐकू आलं. ताई स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिने उगाचच नळ सोडला.

भावोजी एका बुटावर वाकडे उभे राहून तिला थोपटत होते.  मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हिला सांग ना गं काहीतरी. मला जमत नाहीये."

मी खाली वाकले आणि त्यांच्या उरलेल्या बुटाची लेस सोडायला लागले.